भाताचे खोरे आणि सायकलींची वाट : दिएन बिएन फू

शाळेत आशिया खंडाचा नकाशा असेल, तर तो आज समोर टांगून ठेवा. आपल्या देशाच्या पूर्वेला म्यानमार, म्हणजे आपला जुना ब्रह्मदेश. त्याच्या पलीकडे थायलंड, मग लाओस, आणि समुद्राच्या कडेने वरपासून खालपर्यंत चिंचोळा पसरलेला व्हिएतनाम. या व्हिएतनामच्या अगदी वायव्य कोपऱ्यावर बोट ठेवा. तिथे नकाशाचा रंग गडद तपकिरी आहे, म्हणजे सगळा डोंगराळ मुलूख. वर चीनची हद्द, डावीकडे लाओसची. या तपकिरी रंगात एक बारीकसा हिरवा ठिपका असायला हवा. पण शाळेच्या नकाशात तो बहुधा दाखवत नाहीत. तो ठिपका म्हणजे दिएन बिएन फू. आज आपल्याला तिथे जायचे आहे.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या आडगावाला आम्ही कशाला यायचे? त्या गावात आहे तरी काय? मी सांगतो. तिथे भात आहे, नदी आहे, डोंगर आहेत, आणि एका टेकडीवर एक मोठा खळगा आहे. शिवाय एक स्मशानभूमी आहे. तिच्यात ६४४ कबरी आहेत आणि त्यांपैकी फक्त चार जणांची नावे ओळखता आली आहेत. बाकीचे ६४० कोण होते? आजचे बोलणे खरे तर या प्रश्नाबद्दलच आहे. पण त्याच्यापर्यंत आपण रस्त्यानेच जाऊ.

व्हिएतनामची राजधानी हानोई. तिथून दिएन बिएन फू रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या वर पडते. हानोईच्या आसपास सगळी सपाट भातजमीन. होआ बिन्ह मागे पडले की चढ सुरू होतो. मग मोक चाऊचे पठार येते. तिथे चहाचे मळे आहेत, गाईगुरांची कुरणे आहेत, हवा थंड आहे. पुढे सोन ला गाव लागते. या गावात फ्रेंचांनी १९०८ साली एक तुरुंग बांधला आणि पुढे स्वातंत्र्याच्या चळवळीतली माणसे तिथे आणून डांबली. हिवतापाच्या रानात माणूस नेऊन टाकला की शिक्षेचे निम्मे काम हवाच करते, हे आपल्या अंदमानावरून आपल्याला ठाऊकच आहे.

सोन ला सोडल्यावर एक घाट येतो, त्याचे नाव फा दिन. तिथल्या ताई लोकांच्या भाषेत ‘फा’ म्हणजे आकाश आणि ‘दिन’ म्हणजे जमीन. जिथे आभाळ आणि धरती भेटतात तो हा घाट. लांबी सुमारे ३२ किलोमीटर. वर गेले की ढग पायाखाली येतात. या घाटाचे नाव लक्षात ठेवा, आपल्याला तिथे पुन्हा यायचे आहे. घाट उतरला, आणखी काही डोंगर ओलांडले, की एका वळणावर एकदम समोर उघडते ते मुओंग थान्हचे खोरे. सुमारे अठरा-वीस किलोमीटर लांब, सहा-आठ किलोमीटर रुंद. चारी बाजूंनी डोंगर आणि मधोमध परातीच्या तळासारखी सपाट जमीन. मधून नाम रोम नावाची नदी वाहते. गंमत अशी, की ही नदी व्हिएतनामच्या समुद्राकडे जात नाही. ती दक्षिणेकडे वळून लाओसात शिरते आणि तिचे पाणी शेवटी मेकाँग नदीला मिळते. पाणी देशाची हद्द मानत नाही, हेच खरे.

या खोऱ्यात मुख्यत्वे राहतात ते ताई लोक. थायलंडचे थाई आणि लाओसचे लाओ यांचेच हे भाऊबंद. त्यांची घरे लाकडी खांबांवर उभारलेली असतात. माणसे वर, खाली सरपण आणि अवजारे. बायका डोक्याला काळे कापड बांधतात आणि त्याच्या टोकांना रंगीत भरतकाम करतात. सणावाराला हात धरून, फेर धरून नाचतात. त्या नाचाला ‘शोए’ म्हणतात. २०२१ साली युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या वारशात केली. खाणे म्हणजे चिकट तांदळाचा वाफवलेला भात. आणि पाण्याची सोय कशी म्हणाल, तर ओढ्यावर बांबूचा मोठा रहाट. प्रवाहाच्या जोराने तो आपोआप फिरतो, त्याला बांधलेल्या बांबूच्या नळ्या पाणी भरून वर नेतात आणि पन्हळीत ओततात. ना बैल, ना तेल.

या लोकांच्या भाषेत ‘मुओंग’ हा एक मोठा अर्थाचा शब्द आहे. मुओंग म्हणजे नुसते गाव नव्हे. एक खोरे, त्यातला पाट-बंधारा, त्यावरची भातशेती, त्यातली गावे आणि त्यांचा सरदार, हे सगळे मिळून मुओंग. राज्याची व्याख्या पाण्यावरून करणारी ही माणसे! खोऱ्याच्या तळाला पाणी आहे तिथे ताई, उतारावर खमू लोक, आणि अगदी डोंगरमाथ्यावर ह्मोंग लोक. ह्मोंग एकोणिसाव्या शतकात चीनकडून खाली आले. माथ्यावर भात पिकत नाही, म्हणून ते मका लावत, आणि पुढे अफूची खसखस. म्हणजे या मुलखात कोण किती उंचीवर राहतो यावरून त्याची जात, त्याचे पीक आणि त्याची गरिबी, तिन्ही कळत.

एक गोष्ट सांगतो. लाओस आणि ताई लोकांच्या पुराणकथेत असे आहे, की याच खोऱ्यात एक अजस्र वेल उगवला आणि त्याला प्रचंड भोपळे लागले. ते फोडल्यावर आतून माणसे बाहेर पडली. तापलेल्या सळईने जे भोक पाडले, त्याच्यातून आलेले काजळी लागून काळे झाले. नंतर पटाशीने जे भोक पाडले, त्यातून आलेले उजळ राहिले. काळे ते खमू, उजळ ते ताई आणि लाओ. आपल्याकडच्या भोपळ्यातून म्हातारी जाते, यांच्या भोपळ्यातून अख्खी मानवजात आली! पण शिक्षकांनी इथे थोडे थांबावे. खालची सुपीक जमीन कुणाकडे आणि वरचा उतार कुणाच्या वाट्याला, याचा जो निवाडा खोऱ्यात झाला होता, तोच या कथेने पक्का करून ठेवला. मात्र त्याच कथेत दुसरेही एक सत्य राहून गेले: सगळे एकाच वेलीचे.

असे हे खोरे म्हणजे सरहद्दीवरचा नाका. इथून लाओसला वाट जाते, चीनला जाते, हानोईला जाते. म्हणून ज्याला सत्ता हवी, त्याचा डोळा इथे. अठराव्या शतकाच्या मध्यात परक्या टोळ्यांनी हे खोरे बळकावले होते. होआंग काँग चात नावाचा सखल प्रदेशातून आलेला एक शेतकरी बंडवाला इथल्या लोकांच्या मदतीला उभा राहिला आणि त्याने त्या टोळ्यांना हुसकून लावले. त्याचे देऊळ आजही खोऱ्यात आहे. पुढे १८४१ साली व्हिएतनामच्या राजाने या ठिकाणाला नवे नाव दिले, दिएन बिएन. ‘दिएन’ म्हणजे स्थिर करणे, ‘बिएन’ म्हणजे सीमा, आणि ‘फू’ म्हणजे परगण्याचे ठाणे. सीमा स्थिर करणारे ठाणे! नाव ठेवल्याने सीमा स्थिर झाली असती तर काय हवे होते? शे-सव्वाशे वर्षांत या जागेवर इतके झेंडे लागले आणि उतरले, की मोजदाद करणे कठीण.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच आले. त्यांनी व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया मिळून ‘इंडोचायना’ नावाची वसाहत केली. डोंगरी मुलखात त्यांनी स्थानिक सरदार हाताशी धरले आणि अफूच्या विक्रीचा मक्ता सरकारच्या ताब्यात घेतला. माथ्यावरचा ह्मोंग खसखस पिकवणार, मधले सरदार ती पडत्या भावात उचलणार, आणि सरकारी तिजोरी भरणार. ज्याच्या मालाला दुसरे गिऱ्हाईक नाही, त्या शेतकऱ्याचे हाल काय असतात, हे मी आपणांस काय सांगावे!

आता आपण मुख्य गोष्टीकडे येऊ.

१९४५ साली दुसरे महायुद्ध संपले. जपान हरला. हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी हानोईत स्वातंत्र्य जाहीर केले. पण फ्रेंचांना वसाहत परत हवी होती. आणि इथे आपल्यालाही एक अवघड पान वाचावे लागते. दक्षिणेत सायगावला जपान्यांची शस्त्रे काढून घ्यायला जी फौज उतरली, ती ब्रिटिशांच्या हुकमतीतली विसावी भारतीय डिव्हिजन होती. तिच्या सेनापतीने फ्रेंचांना पुन्हा पाय रोवायला मदत केली. स्वतः पारतंत्र्यात असलेला आपला जवान दुसऱ्याचे स्वातंत्र्य दडपण्याच्या कामी जुंपला गेला. पंडित नेहरूंनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. हुकूम आपल्या जवानाचा नव्हता, हे खरे. तरी पान आपल्याही वहीत आहे.

आठ वर्षे लढाई चालली. शहरे आणि सखल रस्ते फ्रेंचांकडे, रान आणि डोंगर व्हिएतमिन्हकडे. १९५३ साली फ्रेंच सेनापती नाव्हार यांनी ठरवले, की लाओसकडे जाणारी वाट अडवायची. त्यासाठी दिएन बिएन फूच्या खोऱ्यात पक्के ठाणे मांडायचे. २० नोव्हेंबर १९५३ रोजी सकाळी आकाशातून छत्रीधारी सैनिक उतरू लागले. शेतातली ताई माणसे वर बघतच राहिली.

फ्रेंचांचा हिशेब असा: खोऱ्यात जपानी काळापासूनची विमानांची धावपट्टी आहे. अन्न, दारूगोळा, सगळे हानोईहून विमानाने येईल. शत्रू डोंगरात असला तरी काय? एवढ्या डोंगरांतून तो जड तोफा आणणार कशा? आणि आणल्याच, तर तिथे हजारोंच्या फौजेला भात कोण पुरवणार? हिशेब कागदावर बरोबर होता. फक्त एक गोष्ट त्यात धरलेली नव्हती: माणसाचे खांदे.

ठाणे बांधायला लाकूड हवे होते. ते कुठून आणायचे? गावांतून. खांबांवरची ती सुबक घरे मोडली गेली आणि त्यांचे वासे, फळ्या खंदकांच्या छपरांना लागल्या. भाताची खाचरे काटेरी तारांनी भरली. कितीतरी कुटुंबांना एका छावणीत एकत्र ठेवण्यात आले. त्या जागेचे नाव नूंग न्हाइ. २५ एप्रिल १९५४ रोजी फ्रेंच विमानांचे बॉम्ब तिथे पडले आणि व्हिएतनामच्या नोंदीप्रमाणे ४४४ माणसे मेली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. मेलेल्या मुलाला हातांवर घेतलेल्या आईचा पुतळा आज तिथे उभा आहे.

आता दुसऱ्या बाजूला चला. व्हिएतमिन्हचे सेनापती होते वो न्गुएन ज्याप. शिक्षक मंडळींनी हे जरूर लक्षात घ्यावे: हा माणूस कोणत्याही लष्करी विद्यालयात शिकलेला नव्हता. हानोईच्या एका खाजगी शाळेत तो इतिहास शिकवीत असे. आता तो स्वतः इतिहासाच्या परीक्षेला बसला होता.

ज्याप यांच्यासमोर पहिला प्रश्न भाताचा. हे गणित आपण फळ्यावर मांडू. समजा एक माणूस कावडीत २० किलो तांदूळ घेऊन निघाला. डोंगरातली वाट, जायला १२ दिवस, यायला १२ दिवस. रोज ८०० ग्रॅम तांदूळ त्याला खायला लागतो. २४ दिवसांत किती खाल्ला? १९ किलो २०० ग्रॅम. मग आघाडीवर पोहोचवला किती? अवघा ८०० ग्रॅम! एका सैनिकाचा एका दिवसाचा शिधा. मुलांना हे गणित घाला. युद्ध म्हणजे काय, हे त्यांना तलवारीच्या चित्रापेक्षा लवकर कळेल.

यावर उपाय निघाला तो सायकलीचा. साधी, माल वाहायची म्हणून कधी बनवलेलीच नाही अशी सायकल. गावोगावच्या लोकांनी तिची बैठक निरुपयोगी ठरवली. सांगाड्याला लाकूड-लोखंडाचा जोड दिला, हँडलच्या एका बाजूला लांब बांबू बांधला म्हणजे बाजूने चालत वळवता येईल, आणि मागे दुसरा बांबू उभा बांधला म्हणजे तोल सावरता येईल. ट्यूब फुटू नये म्हणून धावेच्या आत जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळल्या. अशा सायकलीवर बसायचे नाही, तिला ढकलत चालायचे. दोनशे किलो, कधी तीनशे किलो ओझे. मा वान थांग नावाच्या एका वाहतूकदाराने ३५२ किलोपर्यंत ओझे नेल्याची नोंद आहे. आता आपले गणित पुन्हा मांडा. २०० किलोमधून तेच १९ किलो २०० ग्रॅम वजा करा. उरले १८० किलोच्या वर. ८०० ग्रॅमच्या जागी १८० किलो! फ्रेंचांच्या कागदात हा आकडा नव्हता.

सरकारी नोंदींप्रमाणे २ लाख ६० हजारांहून अधिक स्त्री-पुरुष या वाहतुकीत उतरले, २० हजारांहून अधिक सायकली चालल्या, आणि सुमारे २५ हजार टन तांदूळ गोळा झाला. त्यातला ७ हजार टनांच्या वर तांदूळ एकट्या या वायव्येच्या डोंगरी मुलखाने दिला. ज्यांच्या घरी स्वतःलाच पुरत नव्हता त्यांनी. शिवाय नद्यांवरून बांबूचे तराफे, आणि मोटार रस्त्यावर मालट्रक. चीनने तोफा, दारूगोळा, सल्लागार दिले, हेही सांगितले पाहिजे. पण चीनच्या सीमेपासून खोऱ्यापर्यंत ते आणायचे काम माणसांचेच होते. दिवसा विमाने बॉम्ब टाकीत, म्हणून चालणे रात्रीचे. मघाचा तो फा दिन घाट आठवतो ना? आभाळ आणि धरती भेटतात तो. तिथे रोज बॉम्ब पडत, रस्ता तुटे, रात्री बाया-माणसे कुदळी-फावडी घेऊन तो पुन्हा भरून काढीत, आणि सायकलींची रांग पुढे सरके.

ही माणसे का चालली? भीतीने चालली असती तर रानात पळून जाणे काही अवघड नव्हते. देश स्वतंत्र व्हावा ही ओढ होतीच. आणखी एक कारण जमिनीचे. डिसेंबर १९५३ मध्ये, म्हणजे लढाईच्या तोंडावर, हो चि मिन्ह यांच्या सरकारने जमीन कसणाऱ्याला देण्याचा कायदा केला. कुळाच्या पोराला आपण कशासाठी ओझे वाहतो, हे कळले. त्या कायद्याच्या अंमलात पुढे फार अन्याय झाले, निरपराध माणसेही बळी पडली, आणि १९५६ साली सरकारला स्वतःच्या चुका कबूल कराव्या लागल्या. पण १९५४ च्या त्या रात्री सायकल ढकलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचे एक खाचर होते.

तोफांची कथा आणखी कठीण. दोन टनांच्या वर वजनाच्या तोफा हाताने, दोरखंड लावून, इंच इंच करून डोंगरावर चढवायच्या. पुढे ओढणारी रांग, मागे चाकाला उटी लावणारे. उटी सरकली की तोफ दरीत आणि माणसे तिच्याखाली. तो विन्ह दिएन नावाचा जवान घरंगळणारी तोफ अडवायला आपल्या अंगावर घेऊन १ फेब्रुवारी १९५४ रोजी गेला.

आता ऐका, या सगळ्या मोहिमेतला सर्वांत मोठा प्रसंग. हल्ला ठरला होता जानेवारी १९५४ च्या २५ तारखेला, मग तो एक दिवस पुढे गेला. तोफा जागेवर पोहोचल्या होत्या. जवान उतावीळ. सल्लागार म्हणत, एकदम झडप घाला, दोन-तीन दिवसांत निकाल लागेल. पण ज्याप यांना झोप लागेना. डोके ठणकू लागले. कपाळाला औषधी पाला बांधून हा माणूस रात्रभर विचार करीत बसला. निघताना हो चि मिन्ह यांनी बजावले होते, की विजयाची खात्री असेल तरच लढा. खात्री होती का? नव्हती. फ्रेंचांची ठाणी मजबूत झाली होती. सकाळी त्यांनी निर्णय सांगितला: हल्ला रद्द. तोफा परत ओढा.

कल्पना करा! ज्यांनी रक्त ओकून तोफा वर चढवल्या, त्यांना सांगायचे, की आता खाली उतरवा. आयुष्यातला सर्वांत कठीण निर्णय हाच, असे ज्याप पुढे सांगत. तो विन्ह दिएन गेला तो तोफा परत ओढतानाच. पण त्या दीड महिन्यात खंदक खणले गेले, डोंगराच्या पोटात तोफांसाठी कोठारे कोरली गेली, तांदूळ आला. हल्ला करणे सोपे असते. हात वर उगारून परत खाली घेणे कठीण.

१३ मार्च १९५४ रोजी सायंकाळी तोफा धडधडल्या. फ्रेंचांनी टेकड्यांना बायकांची गोड नावे ठेवली होती. त्यांतली ‘बिएत्रीस’ त्याच रात्री पडली, ‘गॅब्रिएल’ पाठोपाठ. तोफखान्याचा फ्रेंच प्रमुख, ज्याने शत्रूच्या तोफा क्षणात गप्प करण्याची हमी दिली होती, त्याने दोन दिवसांत हातबॉम्बने स्वतःचा शेवट केला. धावपट्टी निकामी झाली. मग उरल्या त्या छत्र्या. आणि पाऊस सुरू झाल्यावर खंदकांत कंबरभर चिखल. व्हिएतनामी सैनिक शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे खंदक खणत वारुळासारखे जवळ येत गेले. ए-वन नावाची टेकडी काही केल्या पडेना, तेव्हा तिच्या पोटात भुयार खणून जवळजवळ एक टन स्फोटके भरली. ६ मेच्या रात्री ती उडवली. मघाशी सांगितलेला खळगा तो हाच. ७ मे रोजी सायंकाळी फ्रेंच सेनापती द कास्त्री आपल्या तळघरात पकडले गेले. ५६ दिवसांची लढाई संपली.

पकडले गेलेले कोण होते? नुसते फ्रेंच नव्हेत. त्यांत अल्जीरियाचे होते, मोरोक्कोचे होते, आफ्रिकेचे होते, परदेशी पलटणीतले जर्मन होते, आणि व्हिएतनामी आणि ताई जवानही होते. एका गुलामाने दुसऱ्या गुलामाशी लढावे, अशी ती व्यवस्था. दहा हजारांवर कैदी पायी छावण्यांकडे नेले गेले; फ्रान्सच्या नोंदीप्रमाणे त्यांतले साधारण एक तृतीयांशच पुढे परत मिळाले. व्हिएतनामने आपले मेलेले चार हजारांच्या वर सांगितले. पाश्चात्त्य लेखक त्याच्या दुप्पट अंदाज करतात. कोणत्याही आकड्याने आईचे समाधान होत नाही.

दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, जिनीव्हा येथे इंडोचायनाच्या प्रश्नावर परिषद बसली. जुलैमध्ये करार झाला. आपले कृष्ण मेनन परिषदेचे सभासद नसतानाही तिथे पडद्याआड मध्यस्थी करीत होते. युद्धबंदीवर देखरेखीसाठी जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्यात कॅनडा आणि पोलंड यांच्यासह भारत होता, आणि अध्यक्षपद भारताकडे होते. नऊ वर्षांपूर्वी ज्या देशाची फौज परक्याच्या हुकमाने तिथे उतरली होती, तोच देश स्वतंत्र होऊन पंच म्हणून गेला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अल्जीरियात स्वातंत्र्ययुद्ध पेटले. दिएन बिएन फूची बातमी तिथल्या कैद्यांबरोबर आणि जवानांबरोबर घरोघर पोहोचली होती.

पण श्रोतेहो, विजयाने सुख आले असे म्हणवत नाही. करारात देश सतराव्या अक्षांशावर दुभंगला. पुढे अमेरिका उतरली, आणि १९७५ पर्यंत, म्हणजे आणखी वीस वर्षे, व्हिएतनाम जळत राहिला.

आणि खोऱ्याचे काय झाले? लढाईनंतर जमिनीत भातापेक्षा लोखंड जास्त होते. फुटलेले गोळे, न फुटलेले सुरुंग, तारा. १९५८ साली लढलेल्याच फौजेतले सैनिक परत आले, ते शेत करायला. सुरुंग काढले, मळा घातला. १९६३ ते १९६९ या काळात तरुण स्वयंसेवकांनी नाम रोमवर बंधारा आणि कालवे बांधले. मधूनमधून अमेरिकेची विमाने बॉम्ब टाकीत असतानाच. आज दिएन बिएनचा तांदूळ सगळ्या व्हिएतनाममध्ये नावाजलेला आहे. २००४ पासून दिएन बिएन हा वेगळा प्रांत झाला आणि हे गाव त्याचे मुख्य ठाणे. ज्या धावपट्टीसाठी एवढे रक्त सांडले, तिथे आज उतारूंची विमाने उतरतात. लढाईतला लोखंडी पूल अजून नदीवर आहे. त्यावरून शाळेची मुले सायकलीवर जातात. सायकलीवर बसून, बरे का!

आता आपण त्या स्मशानभूमीत जाऊ आणि मग परत फिरू. ए-वन टेकडीच्या पायथ्याशी ६४४ कबरी रांगेने आहेत. चार जणांची नावे आहेत. तोफ अंगावर घेणारा तो विन्ह दिएन. गोळीबाराचे भोक छातीने बुजवणारा फान दिन्ह ज्योत. मशीनगनला आपल्या खांद्याचा टेकू देणारा बे वान दान. निशाण घेऊन पहिल्या ठाण्यावर चढलेला आणि विजयाच्याच दिवशी पडलेला चान कान. बाकी दगडांवर फक्त एक तारा. गावातल्या बायका तिथे उदबत्ती लावतात. कुणाच्या नावाने लावायची ते ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक दगडापुढे एक एक लावतात.

सेनापतीचे नाव जगाला ठाऊक आहे. ज्याप १०२ वर्षे जगले आणि २०१३ साली वारले. पण रात्री फा दिन घाट चढणाऱ्या त्या अडीच लाखांतली किती नावे आपण सांगू शकतो? ज्यांची घरे मोडून खंदक झाले त्यांची? नूंग न्हाइच्या त्या मुलांची?

शिक्षक बंधू-भगिनींनो, इतिहासाच्या तासाला सनावळी जरूर घ्या. त्याशिवाय पाया नाही. पण एक प्रश्न रोज विचारत जा: या लढाईत भात कुणी वाहिला? आणि शेतकरी बांधवहो, आपल्या गावातही कुणी आजोबा धरणाच्या कामाला गेले असतील, कुणाची आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली असेल, कुणी परक्या देशात लढून आले असेल. त्यांचे नाव विचारून वहीत लिहून ठेवा, आणि आजच संध्याकाळी लिहा. दगडावर नुसता तारा कोरायची वेळ आपल्यावर येऊ नये.